आदिवासी राजे दिल्लीत: एका राजीनाम्यापासून मागे-पुढे पाहताना

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे निघालं, कन्नड मागे पडलं की औट्रम घाट लागतो. पावसाळ्यात इथून खाली खानदेश पाहायला गाड्या थांबतात. सीताफळांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बाया बसलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवरच्या. त्यांच्याकडून आपण सीताफळं घेतो, भावात घासाघीस करतो आणि पुढे जातो. घाटाला हे नाव कुठून आलं, हे गाडीतल्या पोरांनी विचारलं तर सांगता येईल अशी माणसं आपल्याकडे थोडी.

जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली, ती त्याच्या हाताखाली. तिचं ठाणं धरणगावला. सातमाळ्याच्या रांगेतले भिल्ल नाईक कंपनीला जुमानत नव्हते. त्यांच्यापैकी काहींना फाशी झाली, काहींना माफी मिळाली. जे शरण आले त्यांना पलटणीत भरती नाहीतर शेतीसाठी तगाई. भिल्लांचा बंदोबस्त करायला तीन एजन्स्या नेमल्या, त्यांतली दक्षिणेची कन्नडला. घाटाला नाव मिळालं ते औट्रमचं. डोंगर राखणाऱ्या नाइकांपैकी कोणाचं मिळालं नाही.

नाईक, जमीनदार, राजे, महाराज ही जमातींच्या जुन्या प्रमुखांची नावं. इंग्रजांनी त्यांच्यापैकी काहींना चिरडलं, काहींना सनदा दिल्या, काहींना एकमेकांविरुद्ध वापरलं. मग १९५० साली राज्यघटना लागू झाली आणि मताचं राज्य आलं. या प्रमुखांतले काही निवडणुकीला उभे राहिले, काही थेट लोकसभेत जाऊन बसले. गादीवरून संसदेत गेलेल्या या माणसांमुळे त्यांच्या गावांना काय मिळालं, हा या लेखाचा प्रश्न आहे. मराठी मुलखापुरती त्याची तीन ठळक उदाहरणं आहेत: जव्हार, पानाबारस आणि अहेरी. तिघांत ज्याने मिळालेली जागा सोडून दिली, त्याच्याकडून शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे, असं माझं मत आहे.

हा प्रश्न संभाजीनगरात बसून का विचारायचा, तेही सांगतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासी १ कोटी ५ लाखांच्या घरात, म्हणजे ९.३५ टक्के. त्यांच्यासाठी विधानसभेच्या २८८ पैकी २५ आणि लोकसभेच्या ४८ पैकी ४ जागा राखीव आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. मराठवाड्यात विधानसभेच्या ४६ जागा, पण त्यांत अनुसूचित जमातीसाठी राखीव एकही नाही. आपल्या जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आतबाहेर आहे, आणि तेही कन्नड, सोयगाव, सिल्लोड, वैजापूरच्या वस्त्यांवर विखुरलेलं. किनवटसारख्या खुल्या जागेवरून भीमराव केराम निवडून येतात, पण असं उदाहरण विरळा. तेव्हा राखीव जागेने काय साधतं आणि काय साधत नाही, हे ज्यांना ती जागाच नाही त्यांनी जास्त बारकाईने पाहायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रमुख म्हणजे आपोआप जमातीचा कैवारी, असं समजायचं कारण नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मातीतच याचा दाखला आहे. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबुराव शेडमाके १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठले. गोंड, माडिया आणि रोहिले त्यांच्या बाजूला आले. इंग्रजांना त्यांना जंगलात गाठता येईना, तेव्हा चांद्याचा अधिकारी क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. अहेरीच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. बक्षीस म्हणून अहेरीला अडपल्ली-घोटची ६७ गावं मिळाली. पकडणारे गोंड, पकडले गेलेले गोंड आणि फासाची दोरी परक्याची. गादी ही अशीही वागते. तिच्यावर बसलेल्या माणसाला खालून कोण जाब विचारतो आणि वरून कोण दाबतो, यावर सगळं ठरतं. पुढची तिन्ही उदाहरणं मी याच नजरेने पाहिली आहेत.

जव्हारपासून सुरुवात करू. महादेव कोळ्यांचं हे संस्थान सह्याद्रीच्या कुशीतलं, क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. मुकणे घराण्याची गादी चौदाव्या शतकापासूनची. सुरतेच्या स्वारीला जाताना १६६४ साली शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला, ही आठवण तिथे अजून अभिमानाने सांगतात. शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात काम केलं. टेकडीवरचा जयविलास राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीतला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे यशवंतराव काँग्रेसचे खासदार झाले. १९६७ साली डहाणूतून निवडून आलेले खासदार तेच.

या डहाणूच्या जागेचा पुढचा प्रवास बघण्यासारखा आहे. राजांनी ती जिंकली त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी याच टापूत, तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात, वारल्यांनी वेठबिगारी झुगारून दिली होती. १९४५ चा तो उठाव गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. जमीनदाराच्या वाड्यावर फुकट राबायला नकार देणारी ती माणसं कुठल्या राजाच्या आज्ञेवरून उठली नव्हती. १९७७ साली याच डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम लोकसभेत गेले. ते राजे नव्हते, वारली होते, चळवळीतून आलेले. दहा वर्षांत एकच जागा राजवाड्याकडून पाड्याकडे गेली. आदिवासी राजकारणाच्या पुस्तकांत जव्हारच्या राजघराण्याला ओळीभर जागा मिळते आणि वारल्यांच्या उठावाला प्रकरणंच्या प्रकरणं. माझ्या मते हे न्याय्यच आहे.

जव्हार पुन्हा पहिल्या पानावर आलं ते १९९२ साली. वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर काय चाललं आहे ते उभ्या महाराष्ट्राला कळलं. ज्या गावांचा महाराज लोकसभेत बसून आला, त्या गावांतल्या आयांच्या हातात मुलाला भरवायला काही नव्हतं. याचा दोष एका माणसावर टाकणार नाही. राजे तेव्हा हयातही नव्हते. पण दिल्लीत आपला माणूस आहे एवढ्याने चूल पेटत नाही, हे मात्र तिथे कायमचं सिद्ध झालं.

आता पानाबारसकडे वळू. लेख लिहायला घेतला तो खरं तर इथल्या माणसासाठी.

लाल श्यामशाह, जन्म १९१९. पानाबारसच्या गोंड जमीनदार घराण्यातले. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या पुढे मुरूमगाव, त्याच्यापलीकडे राज्याची सीमा ओलांडली की मोहला-मानपूरचा मुलूख लागतो. पानाबारस तिथलं, सागवानाच्या जंगलातलं. आज ते छत्तीसगडात, २०२२ साली झालेल्या मोहला-मानपूर-अंबागड चौकी जिल्ह्यात आहे. मग तिथला माणूस महाराष्ट्रातल्या चांद्यातून खासदार कसा झाला? कारण १९०७ पर्यंत पानाबारस, अंबागड चौकी, कोराचा आणि औंधी या जमीनदाऱ्या चांदा जिल्ह्यातच होत्या. नंतर त्या दुर्ग जिल्ह्याला जोडल्या. जिल्ह्याची रेघ सरकली, सोयरीक सरकली नाही. देवाच्या जत्रा, लग्नं, बाजार, गोंडी बोली सगळं दोन्हीकडचं एकच राहिलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आणि १९६० च्या महाराष्ट्राने भाषेप्रमाणे सीमा आखल्या, तेव्हा मराठी माणसाला आपलं राज्य मिळालं, हिंदी माणसाला मिळालं, तेलुगू माणसाला मिळालं. गोंड मात्र तीन-चार राज्यांत वाटला गेला. गोंडीला कुठलंच राज्य मिळालं नाही. आपण मराठी माणसांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलं. त्याच नकाशाने दुसऱ्या एका भाषेचं घर कसं चिरलं, हे आपल्या लक्षातच आलं नाही.

१९५१ साली मध्य प्रदेशातली जमीनदारी कायद्याने संपली. श्यामशाह जमीनदार राहिले नाहीत, पण लोक त्यांना ‘महाराज’च म्हणत राहिले, शेवटपर्यंत. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सनद गेल्यावर, सारा बंद झाल्यावर, हातात काही देण्यासारखं उरलं नसताना लोक ज्याला महाराज म्हणतात, त्याची गादी लोकांच्याच हातात असते. ते काढून घेऊ शकतात. श्यामशाहांनी ही गोष्ट ओळखली होती, असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. साधे कपडे, जंगलातली पायपीट आणि गावोगावच्या बैठका हीच त्यांची राहणी होती. आधी ते मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेले. मग १९६२ ला चांद्यातून अपक्ष म्हणून लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. ज्या जिल्ह्याचे मा. सा. कन्नमवार त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्या काँग्रेसच्या बालेकिल्ल्यात अपक्ष गोंड जमीनदार निवडून येणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न दंडकारण्याचा होता. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवण्यासाठी केंद्राने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. कोरापुट, कालाहांडी आणि बस्तर हा त्याचा मूळ टापू. जानेवारी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि नव्याने लोंढे आले. रायपूरजवळच्या माना छावणीत माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही. मग वसाहती चांदा जिल्ह्याच्या जंगलांतही सरकल्या. चामोर्शी, मुलचेरा भागात आजही बंगाली गावं आहेत, आणि त्या माणसांनी तिथे कष्टाने भातशेती उभी केली आहे.

घरदार सोडून जीव मुठीत धरून आलेल्या माणसांना जागा द्यायची नाही, असं कोणाही शहाण्या माणसाला म्हणता यायचं नाही. पण ती जागा कोणाची? सरकारच्या कागदावर ती पडीक किंवा वनखात्याची. गोंडांच्या लेखी ती देवाची राई, गुरांचं चरण, मोहाची झाडं, पुढच्या पिढीचं रान. कागद करणाऱ्यांनी गावाला विचारलं नाही. आपलं जंगल वाटलं जातं आहे हे गावाला मोजणीची साखळी पडली तेव्हा कळलं. एका दुखावलेल्या समाजाचं पुनर्वसन करताना दुसऱ्या समाजाला न विचारता बाजूला सारलं गेलं, आणि ज्या सभागृहात हे धोरण मंजूर होत होतं त्याच सभागृहात त्या दुसऱ्या समाजाचा खासदार बसला होता.

१९६४ साली लाल श्यामशाहांनी लोकसभेचा राजीनामा दिला. मुदत संपायला जवळपास तीन वर्षं होती. अपक्ष असल्यामुळे कोणत्या पक्षाने त्यांना काढलं नव्हतं. मंत्रिपद नाकारल्याचा रुसवाही नव्हता. लोकांनी दिलेली जागा वापरून लोकांचं जंगल वाचवता येत नसेल तर त्या जागेवर बसण्यात अर्थ नाही, एवढा सरळ हिशोब होता. राजीनामे आपण पुष्कळ पाहिले आहेत. पक्ष बदलण्यासाठी, पुत्राच्या उमेदवारीसाठी, पुढच्या पदासाठी. जमिनीच्या प्रश्नावर, भर मुदतीत, परतीची वाट न ठेवता दिलेला राजीनामा शोधायला गेलं तर बोटं पुरतील.

त्या राजीनाम्याने वसाहती थांबल्या नाहीत, हेही लिहून ठेवलं पाहिजे. सभागृहात राहून त्यांनी भांडायला हवं होतं, असं कोणी म्हणेल तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. जागा सोडली की बोलण्याचा हक्क जातो, प्रश्न विचारण्याची सोय जाते, आणि दिल्लीला एक अडचणीचा माणूस आपोआप कमी होतो. मी बराच काळ याच मताचा होतो. माझं मत बदललं ते त्यांच्या पुढच्या वीस वर्षांकडे पाहून. ते घरी बसले नाहीत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत फिरत राहिले, आणि १९८० नंतर जेव्हा जंगलावर त्याहून मोठं संकट आलं तेव्हा हजारो माणसं त्यांच्या मागे उभी राहिली. माजी खासदाराच्या मागे ती उभी राहिली नसती. जागा सोडलेल्या महाराजाच्या मागे राहिली.

हे संकट धरणांचं होतं. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपाळपट्टणम ही दोन मोठी धरणं बांधायचा बेत होता. महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतली जंगलं आणि माडिया-गोंडांची गावं त्याखाली जाणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या नावाने आंदोलन उभं राहिलं. एका बाजूला लाल श्यामशाह, दुसऱ्या बाजूला हेमलकशाच्या कामामुळे या भागाशी जोडले गेलेले बाबा आमटे, आणि सोबत अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. धरणं मागे पडली. आजतागायत ती बांधली गेलेली नाहीत. एका खासदाराला जे लोकसभेत जमलं नाही ते गावांनी रस्त्यावर येऊन जमवलं. १९८८ साली लाल श्यामशाह गेले. त्यांचं चरित्र पत्रकार सुदीप ठाकूर यांनी हिंदीत लिहिलं आहे, आणि रामचंद्र गुहांनी त्याची दखल घेतली म्हणून हे नाव इंग्रजी वाचकांपर्यंतही पोचलं. ज्या चांद्याने त्यांना निवडून दिलं तो मराठी मुलूख. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला काय हरकत आहे?

अहेरीचे विश्वेश्वरराव हे तिसरं नाव. अहेरी म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी, क्षेत्रफळ अडीच हजार चौरस मैलांच्या वर, आलापल्लीच्या सागाचा प्रदेश. बाबुरावांना पकडून देणारं घराणं तेच. पण सव्वाशे वर्षांनी त्याच गादीवरचा माणूस धरणाविरुद्ध गावांच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा घराण्यावर कायमचा शिक्का मारणं चूक ठरेल. विश्वेश्वररावांनी नाग-विदर्भ आंदोलन समिती काढली, वेगळ्या विदर्भाची मागणी धरून ठेवली, विधानसभेत गेले. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लाटेत चंद्रपूरमधून लोकसभेत पोचले. नंतर घराण्याची पुढची पिढी आली. सत्यवानराव आमदार झाले. नातू अंबरीशराव २०१४ ला निवडून येऊन आदिवासी विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. त्याच आत्राम कुळातले धर्मरावबाबा अनेकदा आमदार आणि मंत्री झाले. १९९१ साली त्यांना नक्षलवाद्यांनी पळवून नेलं होतं. २०२४ च्या निवडणुकीत अहेरीत धर्मरावबाबांच्या विरोधात त्यांची मुलगी भाग्यश्री आणि अंबरीशराव दोघंही उभे होते.

इथे थोडं थांबतो. अहेरीची जागा राखीव आहे, म्हणजे तिथून आदिवासीच निवडून येणार. पण आदिवासी म्हणजे एकाच वाड्यातले काका, मुलगी आणि पुतण्या एवढेच, असा अर्थ त्यातून निघू लागला तर माडिया गावातला शिकलेला मुलगा त्या मैदानात कधी उतरणार? २०२३ च्या ऑक्टोबरात याच मतदारसंघातल्या सिरोंचाजवळ गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. तेलंगणाच्या या बंधाऱ्याच्या पाण्याने सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची शेतं वर्षानुवर्षं बुडत होती. त्यांच्या भरपाईचा प्रश्न वाड्याच्या भाऊबंदकीखाली दबू नये, एवढीच अपेक्षा.

महाराष्ट्राबाहेरही हेच चित्र थोड्या फरकाने दिसतं. सारंगडचे गोंड राजे नरेशचंद्र सिंह मार्च १९६९ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि दोन आठवड्यांच्या आत पायउतार झाले. बस्तरचे प्रवीरचंद्र भंजदेव १९५७ साली आमदार झाले. ते जन्माने आदिवासी नव्हते, पण बस्तरच्या आदिवासींनी त्यांना देवीचा पुजारी म्हणून मानलं. सरकारशी त्यांचं बिनसलं आणि २५ मार्च १९६६ ला जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. जयपाल सिंह मुंडांकडे तर गादीच नव्हती. १९२८ च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कर्णधार, संविधान सभेत आदिवासींचा सर्वांत खणखणीत आवाज, चारदा खासदार. लोकांनी त्यांना ‘मरांग गोमके’ म्हटलं, म्हणजे थोर नेता. १९६३ साली त्यांनी झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि ते वजन एका रात्रीत उतरलं. एकाला खुर्चीने नाकारलं, दुसऱ्याला गोळीने संपवलं, तिसऱ्याला मोठ्या पक्षाने गिळलं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो ब्राझीलचा मारियो जुरुना. शवांते जमातीचा हा प्रमुख १९७० च्या दशकात राजधानीत सरकारी कचेऱ्यांत जायचा तेव्हा त्याच्या खांद्याला टेपरेकॉर्डर लटकलेला असायचा. जमिनीबद्दल साहेब जे वचन देतील ते तो टेप करून घ्यायचा, कारण गोऱ्यांचा शब्द उद्या फिरतो, असा त्याच्या लोकांचा अनुभव होता. १९८२ साली तो रिओ द जानेरोमधून निवडून आला. ब्राझीलच्या संसदेतला तो पहिला आदिवासी. त्याला निवडून दिलं ते त्याच्या जमातीने नाही, शहरातल्या मतदारांनी. १९८६ च्या निवडणुकीत तेच मतदार त्याला विसरले. त्याच्यानंतरचा पुढचा आदिवासी सदस्य ब्राझीलच्या प्रतिनिधिगृहात यायला २०१८ साल उजाडलं, तेव्हा जोएनिया वापिशाना ही वकील स्त्री निवडून आली. आपल्याकडे राखीव जागा आहेत म्हणून असा बत्तीस वर्षांचा खड्डा पडत नाही. न्यूझीलंडने तर १८६७ सालीच माओरींसाठी चार जागा ठेवल्या, आज त्या सात आहेत. राखीव जागा हवीच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण त्या टेपरेकॉर्डरची गरज संपलेली नाही. लोकसभेत आज ५४३ पैकी ४७ जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप निघाला की त्याविरुद्ध मत दिल्यास खासदारकी जाते. १९६२ च्या अपक्ष श्यामशाहांवर हे ओझं नव्हतं. २६ जुलै २०२३ ला वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. जंगलाच्या वापरावरचा इतका मोठा कायदा, आणि त्या ४७ जणांपैकी कोण ‘हो’ म्हणालं, कोण गप्प राहिलं, याची नोंद कुठेच नाही. मतदार विचारायला गेला तर दाखवायला कागद नाही.

हा कागद मिळण्याची एक जागा आहे, आणि ती दिल्लीत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. धरणविरोधी आंदोलनात गेलेली माणसं परत गावात आली आणि विचार करू लागली की आपलं जंगल वाचवायचं तर आधी आपणच एकत्र बसायला हवं. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. घोषणा झाली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे. बहुमताचं कामच नाही, एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत मेंढा आहे. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्याआधी स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला गावाला वनखात्याचा शिक्का लागत होता. महाराजाचा राजीनामा, धरणाविरुद्धची पायपीट आणि मेंढ्याचं हे पुस्तक या तिन्ही गोष्टी मला एकाच धाग्यात दिसतात.

मराठवाड्याचाही धागा यात आहे. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणजे कोमराम भीम यांच्या मुलखात. निजामाच्या वनखात्याविरुद्ध, पट्ट्यांसाठी उठलेला हा गोंड १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजामाच्या सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीला पाठवलं आणि थोड्या जमिनी वाटल्या. आपला मुक्तिसंग्राम आपण १७ सप्टेंबरला साजरा करतो. त्यात जोडेघाटचं नाव घ्यायला हवं. कारण निजामाशी लढणारा तो माणूसही आपल्याच संस्थानातला होता.

किनवटचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तिथे ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. कन्नड-सोयगावला तो नाही. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. तो सगळीकडे लागू आहे, अभयारण्यातसुद्धा. १९८६ साली झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कडेच्या भिल्ल-ठाकर वस्त्यांनाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ज्या आदिवासी कुटुंबाचा जंगलजमिनीवर ताबा आहे, ते वैयक्तिक दावा करू शकतं. वस्ती म्हणून सामूहिक दावाही करता येतो. त्यासाठी ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. तिच्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया हव्यात. दावा मंजूर करणाऱ्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात. दावा तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. खासदाराच्या चिठ्ठीची गरज कुठेच नाही.

संभाजीनगरातले शिक्षक, वकील, निवृत्त तलाठी, ग्रामसेवक हे वाचत असतील. तुमच्या ओळखीची एखादी वस्ती घाटाच्या कडेला असेलच. पुढच्या ग्रामसभेला तिथे जा. वनहक्क समिती निवडायला, दावा मांडायला आणि नमुना भरायला मदत करा. ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी, तिथेच मागून घ्या.